दिव्यांग अनुदान नाकारलं? दाद मागा

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज फेटाळला गेला की बरेच जण तहसील कचेरीतून निमूट परततात. पण नकार म्हणजे शेवटचा शब्द नव्हे.

आधी नकाराचं कारण लेखी मागा. ते मिळत नसेल, तर माहिती अधिकारात आपल्या अर्जावरचे शेरे आणि निर्णयाची प्रत मागता येते. त्यावर 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

आता कारण बघा. उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला कमी पडला असेल, तर तो जोडून नव्यानं अर्ज करा. मात्र प्रमाणपत्रावर 38 टक्के दिव्यांगत्व लिहिलंय आणि योजनेला 40 लागतं, अशी अडचण असेल तर तहसीलदारांशी वाद घालून उपयोग नाही. तो निर्णय वैद्यकीय मंडळाचा. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 59 नुसार त्याविरुद्ध अपील करता येतं. कुठे आणि किती मुदतीत, हे जिल्हा रुग्णालयात लगेच विचारून घ्या. सोबत जुने-नवे तपासणी अहवाल जोडा.

कोणताही कागद देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचाच. तोंडी सांगणं पुढे सिद्ध करता येत नाही.

अपील लिहिणं जमत नसेल, तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. दिव्यांग व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो.