दाराचं रबर सगळ्यात शेवटी

आजचा विषय तसा लहान आहे. जुन्या गाडीच्या दाराचं रबर बदलणं. दुकानात याला बीडिंग म्हणतात, मीही तेच म्हणेन. उदाहरणाला माझीच गाडी घेतो: १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. बेंगळुरूत राजाजीनगरला आमच्या क्रॉसवर एका करंजाच्या झाडाखाली ती उभी असते. इथे करंजाला होंगे म्हणतात. हे झाड लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

बेंगळुरूत राहून मुंबईची गाडी कशाला, असं मला विचारतात. ती कुर्ल्याला तयार झाली हे खरं. पण ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्यांनीच त्याच्या चार वर्षं आधी, १९४० साली, म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन इथे विमानांचा कारखाना उभा केला. आजची एचएएल ती हीच. तेव्हा सोलापूरच्या त्या माणसाचं या गावाशी नातं माझ्यापेक्षा जुनं आहे. असो.

आता मुद्द्यावर येतो. गालिचा ओला झाला, कुबट वास यायला लागला, की आपण म्हणतो बीडिंग गेलं. नवीन आणतो, चिकटवतो, आणि पुढच्या पावसात गालिचा पुन्हा ओला. माझं म्हणणं एवढंच आहे की बीडिंग हे या कामातलं शेवटचं काम आहे. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात आणि त्यातली पहिली सगळ्यात गंभीर आहे.

पद्मिनीला वेगळी चासी नाही. जीपला असते, ट्रकला असते. पद्मिनीत पत्र्याची बॉडी हीच चासी. दाराखालची ती पोकळ पत्र्याची पेटी, जिच्यावरून पाय टाकून आपण आत बसतो, तिला सिल म्हणतात. डावी-उजवी अशा दोन सिल आणि मधला फ्लोअर मिळून गाडीचा भार पेलतात. पाणी गालिच्याखाली साचतं, खालचं डांबरी जाड कापड स्पंजासारखं ते धरून ठेवतं, आणि पत्रा आतून गंजतो. वरून रंग चकचकीत, आत पापड. म्हणून आधी गालिचा पूर्ण उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर आणि सिल ठोकत जा. चांगला पत्रा टणक आवाज देतो, कुजलेला भद्द वाजतो. दुसरी परीक्षा अशी: गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि त्या बाजूचं दार उघडून लावून बघा. जमिनीवर नीट लागणारं दार जॅकवर घासत असेल, तर बॉडी वाकते आहे. अशा गाडीत बीडिंगचं नाव काढू नका. ती डेंटरकडे न्या, सिल कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. खर्च मोठा आहे, मला माहीत आहे. पण धडक बसली तर तुमच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये तोच पत्रा असणार आहे, आणि अशा गाड्यांतून आपण घरच्यांना घेऊन फिरतो.

दुसरी गोष्ट पाण्याची वाट. गाडीचं दार आतून कोरडं असतं असा पुष्कळांचा समज असतो. तसं ते कधीच नसतं. काच आणि दार यांच्या फटीतून पाणी आत उतरतं, ते उतरणारच. ते दाराच्या तळाशी असलेल्या छोट्या भोकांतून खाली गळून जावं, अशीच ती रचना आहे. माझ्या गाडीचं मागचं डावं दार हलवलं की आत पाणी डुचमळायचं, चक्क ऐकू यायचं. आतलं पॅनेल काढलं तर तळाला करंजाच्या फुलांचा, धुळीचा आणि जुन्या रंगाच्या पोपड्यांचा काला. भोकं बंद, पाणी तुंबलेलं, आणि ते पॅनेलमागून झिरपत फ्लोअरवर. बीडिंगचा इथे काही संबंधच नव्हता. बारीक तारेने भोकं मोकळी केली आणि पॅनेलमागे जाड प्लास्टिकचा कागद लावला. त्याची खालची कड दाराच्या आत खोचायची, म्हणजे पाणी बाहेर न येता तळाकडे जातं. हा कागद मूळ गाडीत असतो. खिडकीचं हँडल दुरुस्त करायला कुणीतरी तो फाडतं आणि परत लावत नाही. पुढच्या पायाशी पाणी येत असेल तर समोरच्या काचेचं रबरही तपासा.

तिसरी गोष्ट दार. पुढचं दार उघडा, टोकाला धरून अलगद वर उचला. खटखट हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे. चाळीस वर्षं त्या दाराने स्वतःचं वजन पेललं आहे, झिजणारच. पिन बदला, मग चारी बाजूंची फट सारखी करा. खाली झुकलेल्या दाराला कितीही भारी रबर लावलं तरी वरच्या कोपऱ्यातून वारा शीळ घालतोच.

हे झालं की मग बाजारात जायचं. इथे आम्ही जे. सी. रोडला जातो. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्स्या होत्या तोवर या गाडीच्या सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. आता बहुतेक वेळा मीटरवर मिळणाऱ्या रबरातून आपल्यालाच निवड करावी लागते. तेव्हा जुन्या रबराचा बरा राहिलेला तुकडा बरोबर न्या आणि आडवा कापलेला आकार जुळवा. जाडीसाठी एक युक्ती आहे. मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या गोळ्या करा, वर प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्या चौकटीवर सात-आठ ठिकाणी चिकटवा, दार हळूच पूर्ण बंद करा आणि उघडा. दबलेल्या मातीची जाडी म्हणजे तुमची खरी फट. पोकळ किंवा स्पंजाचं रबर त्याच्या दीडपट घ्या. आठ मिलिमीटरची फट असेल तर बारा मिलिमीटरचं. त्याहून जाड घेऊ नका, विशेषतः बिजागरीच्या बाजूला. तिथलं जाड रबर पाचरीसारखं काम करतं. दार कुलुपाच्या बाजूने लागतच नाही, माणूस आपटत राहतो आणि पिन पुन्हा झिजते. शक्यतो ईपीडीएम जातीचं रबर मागा. उन्हात ते साध्या रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकतं.

लावायचा मोसम फेब्रुवारी-मार्च. हवा कोरडी असते आणि एप्रिल-मेच्या वळवाला अजून वेळ असतो. बेंगळुरूचा पाऊस मुंबईच्या निम्म्यानेही नाही, पण तो संध्याकाळी वाऱ्यासकट आडवा येतो, आणि बीडिंगची परीक्षा आडव्या पावसातच होते.

जुना गोंद काढताना थिनर वापरू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांवर ड्युको रंग आहे. थिनर लागला की गोंदाबरोबर रंगही फडक्यावर येतो. प्लास्टिकची पट्टी, थोडं गरम पाणी आणि चिकाटी, एवढं पुरतं. उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, तेही आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात करून बघून. गंज दिसला तर घासा, प्रायमर लावा, रंग लावा आणि दोन दिवस वाळू द्या. गंजावर चिकटवलेलं रबर गंजाबरोबरच सुटून येतं.

मग रबर गोंदाशिवाय, नुसत्या कागदी टेपने दाराभोवती लावून बघा. सांधा खालच्या कडेला मध्यभागी ठेवा. आणि इथे मी जरा आग्रहाने सांगतो: रबर ओढू नका. कोपऱ्यावर ओढलं की ते तिथे पातळ होतं, आणि महिन्याभरात आखडून सांध्याला बोटभर फट पडते. उलट वीतभर जागेला किंचित जास्तच रबर दाबून बसवत जा. गोंद सनमायकाला लावतात तो पिवळा. दोन्हीकडे पातळ थर, दहा मिनिटं थांबायचं, बोटाला लागेनासा झाला की दाबायचं. एका वेळी हातभरच. सांध्याची दोन्ही टोकं ब्लेडने सरळ कापून एकमेकांना चिकटवा.

आता दार घट्ट लागेल. लागू दे. शेजारी लगेच येऊन स्ट्रायकर बाहेर सरकवायला सांगतात. ‘स्वल्प अड्जस्ट माडि’ हे या शहराचं ब्रीदवाक्यच आहे. पण आठवडाभर त्याला हात लावू नका. रात्री दारं पूर्ण बंद ठेवा, रबर आपला आकार घेतं. त्यानंतरही जड वाटलं तर एकेक मिलिमीटर सरकवा. दार करकरतं म्हणून ग्रीस किंवा इंजिन ऑइल चोपडणारे आहेत. तेलाने हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. त्यापेक्षा चिमूटभर टाल्कम पावडर चोळा.

तपासणी दोन प्रकारे करायची. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखा ताण लागला पाहिजे. जिथे पट्टी सुळकन निघते तिथे खडूने खूण करा. मग एकाला टॉर्च देऊन आत बसवा आणि बागेच्या साध्या नळीने खालून वर पाणी सोडत या. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा नको, त्याने चांगलं बीडिंगही उचकटतं.

उरलेला वीतभर तुकडा फेकू नका. त्यावर जाडी आणि तारीख लिहून डिकीत ठेवा. अजून तीन दारं आहेत.