घोड्यावरचा नायक आणि त्याचा स्वार्थ
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



'स्वार्थ आणि परमार्थ' या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले आणि उदाहरणे पोथीतली नकोत, असेही बजावले. तेव्हा मी ती आणली आहेत अमेरिकेतल्या घोडे-पिस्तुलांच्या बोलपटांतून. हसू नका! मुलांबरोबर बसून मी ते पुष्कळ पाहिले आहेत.

या बोलपटांचा नायक म्हणजे निरिच्छ पुरुष, अशी आपली समजूत. कुठूनसा येतो, दुष्टांना मारतो, काही न मागता निघून जातो. पण नीट पाहिले म्हणजे गोष्ट एवढी सरळ नाही, हे ध्यानात येते.

१९५२ सालचा 'हाय नून' घ्या. विल केन हा गावचा मार्शल, म्हणजे फौजदारच म्हणा. गॅरी कूपरने हे काम केले आहे. त्याचे नुकतेच लग्न लागले आहे, नोकरी सोडली आहे, परगावी दुकान काढायचे आहे. इतक्यात बातमी येते, की त्याने तुरुंगात धाडलेला गुंड सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने सूड घ्यायला येतो आहे. केन बायकोला घेऊन निघतो खरा, पण अर्ध्या वाटेतून गाडी वळवतो. का? आज पळालो तर जन्मभर पळावे लागेल, हे त्याला दिसते. म्हणजे त्यात त्याचे स्वतःचे हितही आहेच!

आता गावकरी पाहा. केन मदत मागायला देवळात जातो. तिथे गावचा प्रमुख त्याची तोंड भरून स्तुती करतो आणि मग म्हणतो, की गावात गोळीबार झाला तर बाहेरचे भांडवल यायचे थांबेल, तेव्हा तू निघून गेलास तर बरे. बायांनो, स्वार्थ असा उघडा कधी येत नाही. तो गावाच्या कल्याणाचा शेला पांघरून येतो!

आणि केनची बायको? ती क्वेकर पंथाची. बाप आणि भाऊ गोळीला बळी पडलेले, म्हणून तिला शस्त्राचा तिटकारा. ती नवऱ्याला सोडून आगगाडीत बसलेली असते. पहिली गोळी ऐकताच ती उतरते, धावत येते आणि स्वतःच्या हाताने एकाला गोळी घालते. ज्या तत्त्वासाठी ती नवऱ्याला सोडून निघाली, ते तत्त्व तिने नवऱ्यासाठी मोडले. याला स्वार्थ म्हणायचे की त्याग? मी अजून ठरवू शकलेले नाही.

दुसरे उदाहरण १९५७ सालच्या 'थ्री टेन टू युमा' या बोलपटाचे. डॅन इव्हान्स हा दुष्काळाने गांजलेला शेतकरी. पाण्यासाठी दोनशे डॉलर हवेत, म्हणून एका दरोडेखोराला तुरुंगाच्या गाडीपर्यंत पोहोचवायचे काम तो पत्करतो. इथे परमार्थाचा लवलेश नाही, सारी पोटाची चिंता. दरोडेखोर त्याला कितीतरी मोठी लाच देऊ करतो, पण तो बधत नाही. दरोडेखोराची टोळी येऊन थडकते, मदतनीस पांगतात, साथ देणाऱ्या एका दारुड्याला टोळी फासावर लटकवते. तेव्हा काम देणारा मालकच म्हणतो, 'सोड हे, तुझे पैसे मी तुला तसेही देतो.' बायकोही येऊन विनवते. आता पैसेही मिळणार आणि जीवही वाचणार. तरीही इव्हान्स निघतो. पैशासाठी सुरू केलेले काम पैसे हातात आल्यावरही त्याला सोडवत नाही. माझ्या मते खरा नायक जन्मतो तो या क्षणी.

शेवटचे उदाहरण १९६० सालच्या 'द मॅग्निफिसंट सेव्हन'चे. मेक्सिकोतल्या एका गरीब खेड्याचे रक्षण करायला सात पिस्तुलबाज येतात. मोबदला माणशी वीस डॉलर. गावची मुले त्यांच्यातल्या एकाच्या भोवती जमतात आणि आपल्या बापांना भित्रे म्हणतात. तो गडी चिडतो आणि मुलाला चक्क चोप देतो! तो त्यांना समजावतो, की पिस्तूल बाळगणे हे मोठे धैर्य नव्हे. तुमचे बाप संसाराचे ओझे रोज वाहतात, आणि ते धैर्य मला कधीच जमले नाही.

मैत्रिणींनो, हे ऐकून मला आपल्या घरांची आठवण झाली. तिथे गोळी नाही, टाळी नाही, बाराची गाडीही नाही. रोजचेच ओझे आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. स्वार्थ मुळीच नसलेले माणूस शोधू नये, ते सापडायचे नाही. आपण मंडळात आलो त्याही काही निव्वळ परोपकारासाठी नव्हे. कुणी विरंगुळ्याला आलो, कुणी सोबतीला. त्यात लाज कसली? परीक्षा पुढे असते. 'तुम्ही आता गेलात तरी चालेल' असे कुणी म्हणते आणि दार उघडे असते, तेव्हा आपण थांबतो की नाही, एवढेच पाहायचे.

आणि कामाच्या दिवशी कुणी मंडळाच्या हिताचे लांबलचक भाषण करू लागले, तर भगिनींनो, आधी त्यांच्या हातात केरसुणी द्या!