जमीन पाहून पाइप, पाइप पाहून कर्ज
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भाजी-फळांसाठी गटाने थंड खोली बांधायची आणि तिची उष्णता जमिनीत सोडायची, अशी योजना आमच्यापुढे आली आहे. कल्पना खोटी नाही. विदर्भात मे महिन्यात हवा 45 अंशांवर जाते, तेव्हा पाच-सहा मीटर खाली जमीन 30 अंशांच्या आसपासच असते. तापलेल्या हवेपेक्षा थंड जमिनीत उष्णता सोडली, तर यंत्राला वीज कमी लागते. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाने 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून पुरलेल्या प्लास्टिक पाइपात पाणी फिरवण्याच्या या पद्धतीवर काम केले.

पण यंत्र सगळीकडे सारखे असले, तरी जमीन सारखी नसते. कोरड्या मातीच्या पोकळ्यांत हवा असते, आणि हवा म्हणजे घोंगडी. तीच माती ओली असली की तिच्यातून कितीतरी पट जास्त उष्णता जाते.

आता आपली काळी घ्या. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग पाइपापाशी पोचली की माती पाइप सोडते आणि मध्ये हवा शिरते. शिवाय पाइपाची उष्णता जवळची ओल दूर ढकलते. थंडाव्याची खरी गरज असते त्याच महिन्यात जमीन हात वर करते. म्हणून मीटर-दीड मीटरच्या चरातला पाइप काळ्या कोरडवाहू रानात धोक्याचा.

बोअर घेतले तर पाणी धरलेला बेसॉल्ट कोरड्या मातीपेक्षा बरा. पण बोअर आणि पाइप यांमधली फट भरावी लागते. त्यासाठी बेंटोनाइट वापरतात. तीही काळीसारखीच फुगणारी माती, कोरडी पडली की तडकते. तिच्यात रेती मिसळली तर उष्णता जास्त जाते. उतरता आणि चढता पाइप एकमेकांना टेकले, तर सोडलेली उष्णता परत येते. सांधे वितळवून जोडलेलेच हवेत. पुरलेली गळती शोधणे महाग पडते.

सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. पाइप किती खोल? मे महिन्यात तिथे ओल किती? पाइपाची लांबी कोणती माती धरून काढली? फट कशाने भरणार?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपणही शोधू शकतो. मे महिन्यात खड्डा खणा, तळाची माती मुठीत दाबून पाहा. ढेकूळ कोरडे फुटले, तर ओल्या जमिनीच्या हिशेबाने काढलेला कागद परत करा. खड्डा आधी, कर्ज नंतर.