मुकुट आणि पावती
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



वर्तमानपत्रातील व्यंगचित्र म्हणजे दोन घटकांची करमणूक, अशी समजूत आपल्या चळवळीतही आढळते. राजेशाहीच्या विशेषाधिकारांचा इतिहास पाहिला तर ती टिकत नाही. ज्या उपहासाला आवरण्यासाठी सरकारला कायदा करावा लागतो, तो उपहास क्षुल्लक नसतो. ह्या प्रश्नाचा विचार अमरावती-अकोल्याकडे होणे विशेष उचित आहे. कारण कधी न पाहिलेल्या राजाचा खर्च वऱ्हाडच्या शेतकऱ्याने दीर्घकाळ सोसला आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च भागवणे हे त्याचे निमित्त. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून हा प्रांत कायमच्या मक्त्याने घेतला. शेत मक्त्याने द्यावे तसा सबंध मुलूख दिला गेला, आणि तोही १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळातून रयत पुरती सावरली नसताना! मक्तेदार इंग्रज, मालक निजाम आणि घाम मात्र वऱ्हाडचा, असा तो व्यवहार होता. त्याच सुमारास निजामाला ‘जी.सी.बी.’ हा किताब मिळाला, तेव्हा त्या अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे ‘कर्झनला वऱ्हाड दिले’, असा लावला गेला. हे रेषांवाचूनचे व्यंगचित्रच होय. किताबाच्या झगमगाटामागे झालेला सौदा तीन अक्षरांत उघडा पडला. १९३६ साली निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देण्यात आली. ज्या प्रांताचा कारभार त्याच्या हाती कधीच नव्हता, त्या प्रांताचा तो युवराज ठरला. वास्तवच असे विडंबन करू लागले म्हणजे चित्रकाराचे काम निम्मे होते.

तथापि संस्थानिकांवर हसणे धोक्याचे होते. १९१० चा जुलमी वृत्तपत्र कायदा १९२२ साली रद्द झाला, त्याबरोबर संस्थानिकांना त्यात मिळालेले संरक्षणही गेले. लगेच ब्रिटिश हद्दीतील पत्रांसाठी नवे विधेयक आले. संस्थानिकाविषयी द्वेष, तुच्छता वा अप्रीती पसरवणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती. केंद्रीय असेंब्लीने ते मांडण्यासही परवानगी नाकारली. पण व्हाइसरॉय रीडिंग ह्यांनी आपल्या खास अधिकारात त्याचा कायदा करून टाकला. लोकप्रतिनिधींचे मत डावलून राजांची अब्रू राखली गेली! परकी सत्तेला संस्थानिकांची किती गरज होती, हे ह्यावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या २९१ व्या कलमाने संस्थानिकांना करमुक्त तनखे मिळाले. निजामाचा तनखा प्रारंभी वर्षाला ५० लाख रुपये, तर सौराष्ट्रातील कटोडियाच्या तालुकदाराचा अवघा १९२ रुपये. ह्यांखेरीज तोफांच्या सलामी होत्या, मोटारींना खास पाट्या होत्या, आणि केंद्र सरकारच्या संमतीवाचून त्यांच्यावर दिवाणी दावाही लावता येत नसे. जून १९६७ मध्ये मोहन धारिया ह्यांच्या उपसूचनेने काँग्रेस महासमितीने तनखे रद्द करण्याची भूमिका घेतली. सप्टेंबर १९७० मध्ये त्याचे विधेयक लोकसभेत संमत झाले आणि राज्यसभेत एका मताच्याही अंशाने पडले. नंतर काढलेला राष्ट्रपतींचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात रद्दबातल ठरवला. अखेर डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे संपले.

येथे व्यंगचित्राची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. फेटा, मोत्यांचे सर, मारलेला वाघ आणि लांबलचक मोटार, ही संस्थानिकाची ठराविक आकृती रूढ झाली होती. ती पाहून हसू येई. परंतु हसे होई ते एका गमतीदार माणसाचे, व्यवस्थेचे नव्हे. तनख्यांवर होणारा खर्च १९७० च्या सुमारास वर्षाला पाच कोटींहून कमी होता. तो वाचवून सत्ताधाऱ्यांनी क्रांतीचे श्रेय घेतले. राजांच्या खासगी मिळकती मात्र बहुतांशी तशाच राहिल्या, राजवाड्यांची हॉटेले झाली आणि गादीचे वारस मते मागून संसदेत बसले. मुकुट उतरला; त्याची किंमत कोणी भरली होती, हा हिशेब तसाच राहिला.

हा हिशेब मांडण्याची रीत समाजवाद्यांना नवी नाही. १९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत पंतप्रधानांवरील दैनिक खर्चाशेजारी दिवसाला तीन आण्यांत गुजराण करणारा माणूस उभा केला. आर. के. लक्ष्मण ह्यांच्या ‘कॉमन मॅन’चे सामर्थ्यही ह्यातच आहे. चौकड्यांचा कोट घातलेला तो मुका माणूस प्रत्येक समारंभाच्या कडेला उभा असतो, आणि त्यामुळे पैसे भरणारा चित्राबाहेर राहत नाही.

विशेषाधिकार राजांबरोबर गेले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९८७ साली ‘आनंद विकटन’ ह्या तमिळ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर आमदार-मंत्र्यांची थट्टा करणारे व्यंगचित्र छापले, तेव्हा तमिळनाडू विधानसभेने हक्कभंगाच्या नावाखाली संपादकाला तीन महिन्यांची कैद ठोठावली. जनक्षोभामुळे त्याला लवकरच सोडावे लागले. १९२२ साली ज्या असेंब्लीने राजांना कवच नाकारले, तिचेच वारस आता स्वतःसाठी ते मागू लागले होते. २०१७ साली मंत्र्यांच्या मोटारींवरील लाल दिवे निघाले. खूण गेली, बंदोबस्त आणि अडवलेले रस्ते राहिले.

म्हणून कार्यकर्त्यांनी व्यंगचित्र पाहताना, आणि आपल्या भित्तिपत्रकांसाठी काढून घेताना, एकच प्रश्न विचारावा: ह्यात पैसे भरणारा कोठे आहे? नेत्याच्या नाकाची वा पोटाची थट्टा सोपी असते, आणि ती नेत्यालाही पुष्कळदा आवडते. कापसाच्या भावाने खचलेला वऱ्हाडचा शेतकरी त्या चित्रात हातात पावती घेऊन उभा राहिला, तरच सत्तेला ते चित्र बोचेल.