इंडिकेटर बदलला, पण सांगितलं कुणी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या लोकलनं ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना हा प्रसंग नवा नाही. फलाटावर माणसं खच्चून उभी आहेत, इंडिकेटरवर कल्याण लिहिलेलं आहे, आणि गाडी यायच्या अगदी तोंडावर ती अक्षरं बदलतात. कुणीतरी 'बदलला रे' म्हणून ओरडतं आणि निम्मा फलाट जिन्याकडे धावत सुटतो. त्या गर्दीत मीही पांढरी काठी घेऊन उभा असतो. मला इंडिकेटर दिसत नाही. कर्ण्यावरून घोषणा झाली तर ठीक, नाहीतर पावलांचा आवाज कुठल्या दिशेला चालला आहे त्यावरून मी ओळखतो.

आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे तो याच जातीचा आहे. फक्त हा इंडिकेटर संगणकाच्या पडद्यावर असतो, आणि तिथे कुणाची पावलं वाजत नाहीत.

आम्ही अंध माणसं संगणक वापरतो म्हटलं की अजूनही पुष्कळांना नवल वाटतं. आमच्या संगणकात स्क्रीन रीडर नावाचा एक प्रोग्राम असतो, तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. माऊस आमच्या उपयोगाचा नाही. टॅबची कळ दाबत एका रकान्यातून दुसऱ्यात जायचं, आणि जिथे जाऊ तिथलं नाव कानानं ऐकायचं. टेड हेंटर नावाच्या अमेरिकन गृहस्थांची दृष्टी १९७८ साली मोटारीच्या अपघातात गेली. त्यांच्या कंपनीनं १९८९ साली 'जॉज' हा स्क्रीन रीडर आणला. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं 'एनव्हीडीए' लिहायला घेतला. तो फुकट मिळतो, मराठीही बोलतो. त्याचा मराठी उच्चार ऐकून आमच्या घरच्यांना हसू येतं, पण कान सरावले की त्याचं काही वाटत नाही.

आता डायलॉग बॉक्स म्हणजे काय, तर संगणक आपल्याला काही विचारण्यासाठी जी छोटी चौकट उघडतो ती. तिच्यात रिकामे रकाने असतात आणि प्रत्येक रकान्याशेजारी त्याचं नाव, म्हणजे लेबल. पूर्वी हे लेबल छापील अर्जासारखं कायमचं असे. हल्ली ते बदलतं. वर एक पर्याय निवडला की खालच्या रकान्यांची नावं पालटतात. डोळस माणसाला ते न सांगता दिसतं. आम्हाला कुणीतरी सांगावं लागतं.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात हिशेबाच्या नोंदी करत होतो. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे जमा करण्याची एक चौकट होती. वर 'रोख' की 'धनादेश' हे निवडायचं. रोख निवडलं की खाली पहिला रकाना 'रक्कम' आणि दुसरा 'पावती क्रमांक'. धनादेश निवडला की पहिल्या रकान्याशेजारी 'धनादेश क्रमांक' अशी अक्षरं यायची आणि दुसऱ्याशेजारी 'रक्कम'. हे मला नंतर कळलं. माझ्या कानात मात्र दोन्ही वेळा 'रक्कम' आणि 'पावती क्रमांक' हेच येत होतं. साडेचार हजारांचा धनादेश आला, मी पहिल्या रकान्यात साडेचार हजार लिहिले, दुसऱ्यात पावतीचा नंबर लिहिला, आणि संगणकानं तो पावतीचा नंबर रुपये म्हणून जमा करून घेतला. अशा चौदा नोंदी झाल्या. संध्याकाळी हिशेब जुळेना.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडलो तरी असतो. त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं, "तुम्ही उद्यापासून फोन बघा. कशाला एवढा ताण घेता?" मी म्हटलं, मी प्रत्येक रकान्याचं नाव ऐकूनच भरलंय. त्यावर ते काही बोलले नाहीत. खोलीतलं आणखीही कुणी बोललं नाही. चूक डोळ्यांची, असं सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर दोन दिवस मीसुद्धा तेच धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर आमच्या विभागातली एक मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "काका, ते हेडफोन काढा आणि आवाज मोठा करा. तो काय बोलतो ते मला ऐकू द्या." मी धनादेश निवडला, टॅब दाबला. संगणक म्हणाला, 'रक्कम'. ती म्हणाली, "अहो, इथे तर धनादेश क्रमांक लिहिलंय!"

भानगड अशी होती. रकान्याला दोन नावं देता येतात, एक डोळ्यांसाठी आणि एक कानांसाठी. कानांसाठीचं नाव पडद्यावर दिसत नाही. स्क्रीन रीडर ते आतून विचारून घेतो आणि तेच खरं मानतो. विंडोजमध्ये अशी विचारपूस करण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं १९९७ साली केली. आमच्या सॉफ्टवेअरच्या प्रोग्रामरनं डोळ्यांचं नाव बदललं, कानांचं तसंच राहू दिलं. तो आला तेव्हा फार ओशाळला. पंचविशीतला पोरगा. "सर, ती नावं मी मुद्दाम तुमच्यासाठीच घातली होती," म्हणाला. ती घातलीच नसती तर स्क्रीन रीडरनं बहुधा शेजारची अक्षरं वाचली असती आणि मी वाचलो असतो!

दुरुस्ती एका ओळीची होती. पण पोरगा उत्साही. आता त्यानं बदलणारं प्रत्येक अक्षर बोलतं केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये थोडा वेळ काही केलं नाही तर 'साठ सेकंदांत बंद होईल' अशी चौकट यायची. ती आता एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न करत सुटली. तिला थांबवणारं बटण शोधायला टॅब दाबावा, तर त्याचं नाव ऐकू येण्याआधी पुढचा आकडा त्यावर येऊन आदळायचा.

मी त्याला विचारलं, रेडिओवर क्रिकेटचं समालोचन ऐकलंयस का कधी? त्यानं नव्हतं ऐकलं. आमच्या पिढीनं बाळ ज. पंडितांचं ऐकलेलं. धावफलक सारखा बदलतो, पण समालोचक दर चेंडूला सगळा फलक वाचत बसत नाही. षटक संपलं की धावसंख्या सांगतो. विकेट पडली तर मात्र तोंडातलं वाक्य अर्धं टाकून आधी तेच सांगतो. वेबपानांसाठीच्या ज्या नियमावलीला २०१४ साली मान्यता मिळाली, तिच्यात नेमक्या अशाच दोन पायऱ्या आहेत: एक अदबीची, चाललेलं बोलणं संपलं की सांगणारी, आणि एक मध्येच तोडून सांगणारी. २०१८ च्या नियमांत तर कर्सर न हलवता असे बदल कानापर्यंत पोचले पाहिजेत, असं स्पष्ट म्हटलं आहे.

मग आम्ही दोघं बसलो. सेकंदांची चौकट उघडताना एकदा बोलेल, तीस उरले की एकदा, शेवटचे दहा उरले की एकदा. 'पुढे' या बटणाचं नाव शेवटच्या पायरीवर 'नोंद कायम करा' होतं, ते मात्र ताबडतोब, सगळं तोडून. कारण बोट आधीच एंटरवर असतं.

हे एका कार्यालयापुरतं नाही. बँकेचं खातं घरबसल्या उघडताना मोबाइलचा कॅमेरा तोंडासमोर धरावा लागतो आणि पडद्यावर सूचना येतात, डोळे मिचकावा म्हणून. त्या दिसल्या नाहीत आणि कुणी बोललंही नाही, तर खातं उघडत नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अर्जदारांत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या आणि एक अंध गृहस्थ होते. न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला की अशा डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातला जगण्याचा हक्कच आहे.

माझ्या नोंदी मला परत मिळाल्या. पहिले आठ दिवस ती मुलगी संध्याकाळी निघण्यापूर्वी माझी एकेक नोंद पावतीशी ताडून बघायची. साहेबांनीच तिला सांगितलं असावं. नवव्या दिवशी तिची पाच वीसची गाडी होती, ती न बघताच गेली.