पीएच.डी.ची जागा शोधताना

अभियांत्रिकीत किंवा पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करायचीय?
मग आधी मार्गदर्शक हेरा, अर्ज नंतर भरा.

मुंबईच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे.
नागपूरला ‘नीरी’ ही राष्ट्रीय संस्था आहे.
सांडपाणी, हवा, घनकचरा यांवर तिथे संशोधन चालतं.

आयआयटीत पीएच.डी.चे प्रवेश साधारणपणे वर्षातून दोनदा होतात.
जाहिरातीवर लक्ष ठेवा.
प्रवेशासाठी धरले जाणारे गेट परीक्षेचे गुण 3 वर्षं चालतात.

प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचा.
मग त्यांना मोजक्या ओळींचा ईमेल करा.
“सर, नदीतल्या सूक्ष्म प्लास्टिकवर काम करायचंय,” असं नेमकं लिहा.
सगळ्यांना एकच मजकूर धाडू नका.
तो लगेच ओळखू येतो.

तेव्हा लक्षात ठेवा,
आधी मार्गदर्शक, मग अर्ज.
शुभेच्छा!