किती दिवसांची?

पगाराच्या दिवशी अब्बा पुण्याच्या कॅम्पातून जिंजर बिअरची एक बाटली आणत. नावात बिअर असली तरी ती सोडा-फॅक्टरीतली, बिनदारूची. पहिला घोट अम्मीचा. आलं घशाला झोंबलं की ती डोळे मिटून हसायची. उरलेली आम्हा भावंडांत कपाकपाने वाटली जाई.

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी म्हणाली, "तुझे अब्बा आणायचे ती बाटली मिळते का रे अजून?" मी गेलो. त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. दुसऱ्या दोन-तीन बाटल्या आणून चाखल्या. नुसतं गोड पाणी. मग म्हटलं, घरीच करून बघू.

वाचायला बसलो तेव्हा कळलं की हे पेय अठराव्या शतकातलं, इंग्लंडमधलं, आणि तिथे ते चक्क आंबवून करत. त्याचं विरजण असे, आपण दह्यासाठी शेजारणीकडून मागून आणतो तसंच. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ साली त्या विरजणावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक यीस्ट आणि एक जिवाणू जोडीने नांदतात, असं त्याने दाखवलं.

माझं विरजण साधं. न सोललेलं आलं किसून साखर-पाण्यात घातलं, रोज त्याला चमचा-चमचा आलं-साखर दिली. चौथ्या दिवशी बुडबुडे आले. मग दोन लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम आलं आणि साखर उकळली, गार केली, लिंबू पिळलं, अर्धी वाटी विरजण घातलं आणि बाटल्या भरल्या. प्लास्टिकची बाटली दाबून बघायची, दगडासारखी कडक झाली की फ्रिजमध्ये. हौसेने एक काचेची भरली होती. मे महिना, रात्री अडीच वाजता ती फुटली. बायको दचकून उठली, "सिलिंडर का हो?" सकाळी भिंतीवर मुंग्यांची रांग.

पाचव्या दिवशी अम्मीपुढे पेला ठेवला. तिने वास घेतला आणि विचारलं, "किती दिवसांची?"

खजूर भिजवलेलं पाणी, नबीज, पैगंबरसाहेब पीत. पण तिसरा दिवस उलटला की ते ओतून टाकलं जाई, असं हदीसमध्ये आहे. अम्मी शाळेत फार गेली नाही, पण हे गणित तिला पाठ आहे. मी वाद घातला: पावाच्या पिठातही हेच यीस्ट, तिथेही थोडं अल्कोहोल होतंच की. "ते भट्टीत उडून जातं," ती म्हणाली. "ह्यातलं कुठे गेलं?"

मी बी. ए. झालेला माणूस गप्प बसलो. जे यीस्ट फेस करतं तेच अल्कोहोल करतं. एक कर, दुसरं नको, असं त्याला सांगता येत नाही. किती झालं असेल, हे मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. गझलेत मी पेल्यांवर पेले रिकामे केलेत, घरातला हा एक मात्र मोरीत ओतला.

आणि मग लक्षात आलं, अब्बांची बाटली कधी आंबवलेली नव्हतीच. सोडा-फॅक्टरीत पाक करायचे आणि दाबाने गॅस भरायचे. मी नको तितक्या मुळाशी गेलो होतो. पाण्यात असा वायू मुरवायची युक्ती जोसेफ प्रीस्टली याला १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावात सापडली, तीसुद्धा शेजारच्या बिअरच्या कारखान्यात, आंबणाऱ्या पिंपावर पाणी धरून. हे मी अम्मीला अजून सांगितलेलं नाही.

आता आल्याचा पाक करतो, लिंबू पिळतो आणि थंडगार सोडा ओततो. अम्मी पिते. पण डोळे मिटत नाही. "अब्बांची जास्त झोंबायची," म्हणते.

कालच्या पाकात पाच मिरे ठेचून घातलेत. आज दुपारी तिला देणार आहे.